मैदानाकडे पाठ

आमच्या शेजारच्या घागभाऊंकडे अंधेरीच्या स्टेडियमचं फुटबॉलचं सीझन तिकीट असतं. दर वर्षी ते न चुकता काढतात. आणि त्यांनी तिथे आजवर एकही गोल पाहिलेला नाही.

गोल होत नाहीत असं नाही. आपल्या शहराचा संघ तसा बरा खेळतो म्हणतात. पण घागभाऊ आत गेले की पूर्वेकडच्या स्टँडमध्ये सगळ्यात खाली, कठड्यापाशी जातात, तिथल्या सिमेंटच्या ओट्यावर चढतात आणि मैदानाकडे पाठ करून उभे राहतात. सामना संपेपर्यंत त्यांचं तोंड प्रेक्षकांकडे. हातात एक पिवळा भोंगा. ते ओरडतात आणि समोरचा अख्खा स्टँड त्यांना ओरडून उत्तर देतो. मागे मैदानात काय चाललंय ते त्यांना दिसत नाही आणि मान वळवून बघायचं त्यांच्या मनातही येत नाही. गोल झाला की समोरची माणसं उड्या मारतात, तेव्हा त्यांना कळतं. मग तेही ओट्यावर नाचतात, आणि नाचून झाल्यावर पुढच्या रांगेतल्या कुणाला तरी विचारतात, "कोणी मारला रे?"

मी एका विमा कंपनीत क्लेम तपासायच्या टेबलावर बसते. खरं सांगायचं तर क्लेम नाकारायच्या टेबलावर. माणूस पैसे कशासाठी भरतो आणि शेवटी त्याच्या हातात काय पडतं, हे रोज बघून माझी जीभ कडू झाली आहे, असं आमचे हे म्हणतात. ते बरोबरच आहे. त्यामुळे पैसे भरून सामन्याकडे पाठ करणारा माणूस मला सहन होणं कठीण होतं. वेडा म्हणून सोडून द्यावा, तर आमच्या इमारतीत त्यांच्याइतका हिशेबी माणूस दुसरा नाही.

"वसूल?" हा त्यांचा शब्द. आपण लग्नाहून आलो, सिनेमाहून आलो, कोकणातून आलो, की जिन्यात हा एकच प्रश्न. "काय वहिनी, वसूल?" त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा मी भेटायला गेले, तर म्हणाले, "एका डोळ्याचे पैसे भरले, पण आता दुसऱ्या डोळ्यात काय बिघाड आहे तेही स्पष्ट दिसतंय. वसूल." सोसायटीच्या सत्यनारायणाला प्रसादाचा द्रोण हातात घेऊन ते आधी वर्गणी आठवतात आणि मग शिरा खातात. भाजीवाल्याशी कोथिंबिरीवरून त्यांचं जे भांडण होतं ते ऐकायला लोक खिडकीत येतात. माझ्या सासूबाई नव्वदी ओलांडून गेल्या, त्या दिवशी घर माणसांनी भरलेलं असताना हे माझ्याजवळ आले, हात जोडले आणि हळूच म्हणाले, "वाईट झालं वहिनी. पण तसं बघितलं तर वसूल." मला त्यांचा इतका राग आला होता, आणि त्याच वेळी हसूही आलं होतं, की मला तोंडावर पदर घ्यावा लागला. आलेल्या बायकांना वाटलं, सुनेला फार दुःख झालंय.

घागभाऊंनी लग्न केलं नाही. का ते कुणी विचारलं नाही. आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये ते धाकट्या भावाच्या, म्हणजे दत्ताच्या कुटुंबात राहतात. फ्लॅट अर्धा त्यांच्या पैशांतून झालाय, पण झोपतात हॉलमध्ये, आणि तेही टीव्ही बंद झाल्यावर. त्या घरात कुणी त्यांना वाईट बोलत नाही. दत्ताची बायको सुषमा वेळेवर वाढते, कपडे धुते. बोलत मात्र नाही. टीव्ही सकाळपासून चालू असतो, त्यामुळे बोलण्याची गरजही पडत नसावी.

त्यांची आणखी एक सवय माझ्या डोक्यात जायची. बाहेर पडताना दारात उभं राहून ते मोठ्याने म्हणत, "येतो!" आणि मग चपला घालायला लागत. साध्या अंगठ्याच्या चपला. ना पट्टा, ना बक्कल. पण एक चप्पल घालायची, थांबायचं, दुसरी शोधल्यासारखं करायचं, पुन्हा थांबायचं. आमचं दार हवेसाठी उघडं असतं, त्यामुळे हे नाटक मला रोज दिसायचं. या माणसाला चपला घालायला इतका वेळ का लागतो, हे मला कधी समजलं नाही.

नोकरी त्यांनी साकीनाक्याच्या एका कंपनीत केली. टेलिफोन ऑपरेटर. जिन्याखालच्या खोलीत बोर्डासमोर बसायचं आणि आलेला फोन आत जोडून द्यायचा. "सगळ्या कंपनीला माझा आवाज माहीत होता," ते सांगतात. "पण बोलायचं कोणाला असायचं? साहेबाला, स्टोअर्सला, अकाउंट्सला. मी हॅलो म्हटलं की पलीकडचा म्हणायचा, जरा अमक्याला द्या. दिला. माझं काम खलास." मग मोबाइल आले, कंपनीने बोर्ड काढला आणि त्यांनाही काढलं. त्याच वर्षी कुणीतरी फुकटचा पास दिला म्हणून ते पहिल्यांदा फुटबॉलला गेले. फुकट होता, म्हणून गेले. पुढच्या वर्षापासून पैसे भरून जाऊ लागले.

एकदा आमच्या ऑफिसातही पास आले, म्हणून मीही गेले. मला फुटबॉलमधलं काही कळत नाही. मी घागभाऊंनाच बघत होते. घरात ज्याचा आवाज टीव्हीखाली दबलेला असतो तो माणूस ओट्यावर उभा राहून भोंग्यात गरजला, "हॅलो, हॅलो!" आणि समोरून शेकडो गळ्यांनी उत्तर आलं, "बोला, बोला!" मी दचकून पर्स घट्ट धरली. समोरच्या संघाने बॉल बाहेर मारला की हे म्हणत, "कोण बोलतंय?" आणि स्टँड ओरडायचा, "राँग नंबर!" आपल्याला पेनल्टी मिळाली की दोन्ही हात पसरून, आवाज अगदी खाली आणून, "होल्ड करा…" आणि सगळा स्टँड श्वास रोखून गप्प. कॉलेजची मुलं, चारकोपहून आलेला कारखान्यातला घोळका, जुहूच्या किनाऱ्यावर भेळ विकणारे दोघे भाऊ, सगळे या म्हाताऱ्या ऑपरेटरच्या ताब्यात. झकास चाललं होतं. पण रिक्षा मिळणार नाही म्हणून मी सामना संपायच्या आधीच निघाले.

दुसऱ्या दिवशी जिन्यात त्यांनी गाठलंच. "शेवटपर्यंत थांबला नाहीत? मग काय वसूल झालं तुमचं?"

"शेवटी काय असतं एवढं?"

"असतं," ते म्हणाले, आणि दळणाचा डबा उचलून खाली गेले.

या वर्षी क्लबने पूर्वेच्या स्टँडवर निळ्या खुर्च्या बसवल्या आणि त्याला 'फॅमिली प्रीमियम' असं नाव दिलं. सीझन तिकिटाची किंमत अडीचपट केली. कळवलं मात्र फार गोड शब्दांत. तुम्ही आमचे प्रेक्षक नाही, आमचं कुटुंब आहात, असं लिहिलं होतं. मी अशी पत्रं लिहिणाऱ्यांत बसते, त्यामुळे मला त्यातला गोडवा बरोबर कळतो. क्लेम नाकारतानाही आम्ही सुरुवात 'आदरणीय सभासद' अशीच करतो.

घागभाऊ पेटले. हातातली कोथिंबीर हलवत त्यांनी मला जिन्यात अर्धा तास ऐकवलं. "वर छप्पर नाही वहिनी. संडासाला पाणी नाही. आपली पाण्याची बाटली गेटवर काढून घेतात आणि आत तेच पाणी तिप्पट भावाने विकतात. बरा खेळणारा पोरगा दिसला की सीझनच्या मध्येच दुसऱ्याला विकून मोकळे. आणि या सगळ्याच्या बदल्यात देतात काय, तर मफलर! लोकरीचा! ऑक्टोबरात, अंधेरीत! घामोळं उठलं माझ्या गळ्याला. वर म्हणतात, फुकट आहे."

"मग घेऊ नका."

"घेणारच नाही! कोणीच घेणार नाही!"

आणि खरंच तसं ठरलं. स्टेडियमबाहेरच्या चहाच्या टपरीवर त्यांच्या मंडळींची सभा झाली. भाषण घागभाऊंनीच केलं आणि बहिष्काराला पहिला हात त्यांनीच वर केला. ऋषी नावाचा एक तरुण त्या मंडळींचा म्होरक्या आहे, मालाडला कॉल सेंटरमध्ये असतो. तो म्हणाला, काका आहेत तर क्लबला झुकवूच. घागभाऊ त्या दिवशी घरी आले ते पुढारी होऊन.

सामने शनिवारी असतात. त्यानंतरचे दोन शनिवार मी त्यांना बघितलं. संध्याकाळी चारच्या सुमारास ते आंघोळ करून, क्लबचा निळा शर्ट घालून तयार होत, आणि हॉलमध्ये खुर्चीवर बसून राहत. टीव्हीवर सुषमाची मालिका. मग शर्ट काढून घडी करून ठेवत. ऋषी आणि मंडळी फोनवरच्या ग्रुपमध्ये बोलत असत, पण घागभाऊंचा फोन बटणांचा. तिसऱ्या शनिवारच्या आधी त्यांनी गुपचूप जाऊन सीझन तिकीट काढलं. पूर्ण किमतीचं. अडीचपट.

ऋषी आमच्या मजल्यावर आला तो संतापून. मी कणीक मळत होते आणि दोन्ही दारं उघडी होती.

"काका, वसूल नाही, वसूल नाही, कोण बोलत होतं? पहिला हात कोणाचा?"

"माझा."

"मग?"

"अरे, पण शनिवारी…"

"शनिवारी काय?"

"शनिवारी मी जाऊ कुठे रे?"

"आम्ही पण घरीच बसलोय ना यार! आम्हाला काय मजा वाटते? आणि क्लबने काय केलं बघा." त्याने मोबाइल त्यांच्या तोंडासमोर धरला. क्लबने घागभाऊंचा फोटो जाहिरातीत टाकला होता. भोंगा हातात, तोंड उघडं, आणि खाली लिहिलेलं, 'जुना चाहता, नवा स्टँड'. "वाट लावलीत काका आमची. तुमच्या एकट्याच्या तोंडावर ते आता सगळ्यांना गिऱ्हाईक करणार."

घागभाऊ फोटोकडे बघत राहिले. आत कुणीतरी टीव्हीचा आवाज वाढवला. ऋषी निघाला तेव्हा ते त्याला म्हणाले, "सावकाश जा रे," आणि त्याने मागे वळून पाहिलं नाही. खरं सांगते, मला ऋषीचा राग आला नाही. त्याचं म्हणणं बरोबर होतं. माझ्या टेबलावर आलं असतं तर मीही घागभाऊंचा दावा फेटाळलाच असता.

शनिवारी त्यांनी माझी बेल वाजवली. एवढं करूनही तिकिटं खपत नव्हती, म्हणून क्लबने घेणाऱ्याला त्या दिवसापुरतं आणखी एक तिकीट फुकट दिलं होतं. "दत्ताला विचारलं, नको म्हणाला. फुकट गेलं तर कसं वसूल होणार? चला ना वहिनी."

गेले. स्टँड जवळजवळ रिकामा होता. निळ्या खुर्च्यांच्या रांगाच्या रांगा, आणि मध्ये तुरळक माणसं पॉपकॉर्न खाताना. तरीही जाधव नावाच्या सिक्युरिटीवाल्याने मला तिकिटावरच्या नंबरावरच, पार वर नेऊन बसवलं. म्हणाला, साहेब लोक कॅमेऱ्यातून बघतात, मॅडम. घागभाऊ मात्र खाली ओट्यावर गेले. जाधवने त्यांच्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं.

"हॅलो, हॅलो!"

कुणी 'बोला' म्हणालं नाही. एका बाईने त्यांचा व्हिडिओ काढला. त्यांनी पुन्हा हाक दिली. पुन्हा. मला वाटलं मीच काहीतरी ओरडावं, पण मी बसले होते कुठे आणि ते होते कुठे. एवढ्यात पुढच्या रांगेतला एक गृहस्थ पॉपकॉर्नचा डबा बाजूला ठेवून म्हणाला, "अंकल, साइड हो जाओ ना, दिख नहीं रहा है." त्याचंही बरोबरच. त्याने सामना बघायचे पैसे भरले होते. घागभाऊ ओट्यावरून उतरले, कठड्याच्या टोकाला गेले आणि तिथे उभे राहिले. मैदानाकडे पाठ करूनच.

उत्तरार्धात त्यांनी भोंगा खाली ठेवला. आता त्यांना मागे काय चाललंय ते कळायलाच मार्ग नव्हता, कारण समोरची माणसं मोबाइलमध्ये होती. ते वर माझ्याकडे बघत होते. म्हणजे सामना आता माझ्या तोंडावर बघायचा होता. मी सावरून बसले आणि जन्मात पहिल्यांदा मन लावून फुटबॉल बघितला. शेवटी शेवटी एकदम धावपळ झाली, डाव्या बाजूच्या जाळीत बॉल गेला, आणि मी उभी राहून दोन्ही हात वर करून नाचले. घागभाऊंनी तिकडे खाली जी उडी मारली! चाळिशी नाकावरून घसरली, भोंगा उचलून ते ओरडले, "लाइन लागली रे, लागली!"

मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. गोल आपल्यावर झाला होता. लाउडस्पीकरवरून सांगितलं तेव्हा त्यांना कळलं. ते माझ्याकडे बघून हसले, आणि हाताने 'असू दे, असू दे' अशी खूण केली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सामना संपला. लोक उठले. मीही उठले, तर जाधव म्हणाला, "थांबा मॅडम, काकांचं व्हायचंय."

घागभाऊ पुन्हा ओट्यावर चढले होते. त्यांनी दोन्ही हात जोडले, रिकाम्या खुर्च्यांवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली आणि भोंगा न घेता, साध्या आवाजात, घरी म्हणतात तसं म्हणाले, "येतो हां!"

आणि थांबले.

"दर मॅचला असंच," जाधव मला सांगत होता. "काका 'येतो' म्हणतात आणि सगळी पब्लिक एकदम 'या' म्हणते. एवढ्या जोरात, की बाहेरचे रिक्षावाले वळून बघतात. ते ऐकल्याबिगर काका खाली उतरत नाहीत. आज कोण म्हणणार?"

मी म्हणाले. जेवढा होता तेवढा आवाज काढून मी "या!" म्हणाले. पण त्याच क्षणी लाउडस्पीकरवर कुठल्याशा बिल्डरची जाहिरात सुरू झाली. त्यांना ऐकू गेलं नाही. ते आणखी थोडा वेळ उभे राहिले, मग हात सोडले, भोंगा पिशवीत घातला आणि ओट्यावरून उतरले. उतरताना त्यांनी कठड्याला धरलं.

परत येताना रिक्षा मिळाली. घराजवळच्या सिग्नलला ते म्हणाले, "या वेळी नाही वसूल झालं, वहिनी." त्यांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं. मला क्लबच्या त्या गोड पत्राचा असा संताप आला की सांगता सोय नाही. दर वर्षी हा माणूस ज्याचे पैसे भरत होता ते क्लबचं नव्हतंच कधी. ते टपरीवरच्या त्या पोरांचं होतं, भेळवाल्या भावांचं होतं, आणि ते फुकट देत होते. क्लबने त्यांना बाहेर काढलं आणि किंमत वाढवून रिकाम्या खुर्च्या विकल्या. आणि घागभाऊंनी, आमच्या इमारतीतल्या सगळ्यात हिशेबी माणसाने, त्या घेतल्या. ऋषीचं बरोबर आणि यांचंही बरोबर. अशा क्लेमवर काय शेरा मारायचा, ते मला इतक्या वर्षांच्या नोकरीत कुणी शिकवलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅसपाशी होते. समोरून टीव्हीचा आवाज येत होता. मग दारातून आवाज आला, "येतो!"

नेहमीप्रमाणे आतून काही उत्तर आलं नाही. नेहमीप्रमाणे चपलांची खुडबुड सुरू झाली. एक घातली. थांबले. दुसरी.

"या!" मी स्वयंपाकघरातूनच ओरडले.

खुडबुड थांबली. मी हात पुसत बाहेर आले. घागभाऊ एका पायात चप्पल घालून, दुसरी हातात धरून आमच्या दाराकडे बघत होते.

"मला म्हणालात?"

"मग काय भिंतीला? आणि येताना लिंबं आणा. चांगली बघून, घासाघीस करून."

हातातली चप्पल त्यांनी खाली ठेवली, पायात सरकवली आणि जिना उतरायला लागले. त्या दिवशी चपला घालायला त्यांना मुळीच वेळ लागला नाही.